अंजनाच्या हातचं पाणी

वैनगंगेचा पूर शिरला आणि खैरलांजीकडचं एक अख्खं गाव टेकाडावरच्या शाळेत येऊन बसलं. विहिरी बुडाल्या होत्या. ओसरीच्या टोकाला बौद्ध घरं उतरली होती, तिथं अंजना चारपदरी लुगड्यातून गढूळ पाणी गाळत होती. चूल नुसतीच धुमसत होती...

"कोरडं लाकूड देऊ?"

तिनं वळून पाहिलं. वरच्या आळीतल्या दुर्गाबाईचा तेजराम... केस ओले, हातात बैलबंडीच्या मोडलेल्या फळ्या.

"बंडी काहून तोडली जी?"

"तुह्या डोयात धूर जाऊन राह्यला होता. पाहवेना."

"अन् बैल काय ओढतीन?"

"बैल वाहून गेले," तो म्हणाला, आणि तरी हसला.

पाणी खळखळून उकळेपर्यंत तो तिथंच बसला. तिनं निवलेला लोटा पुढं केला. बोटं बोटांना लागली...

"गोड हाय."

"पानी कुठं गोड असते? उकळलं म्हंजे हैजा होत नाही, नर्सबाईनं सांगतलं होतं... एवढंच."

"एवढंच?"

तिनं लोटा पुन्हा भरला.

मग तो रोज यायचा. बाकी वरची आळी मात्र पुराचंच पाणी प्यायची. दुर्गाबाई म्हणायची, "तिच्या हातच्यापरीस नदीचं बरं."

आणि हैजा आला, तो दुर्गाबाईलाच; उलट्या-जुलाबांनी ती आडवी झाली. रस्ते पाण्याखाली, डॉक्टर येणार कुठून? तेजराम लोटा न्यायला आला, तेव्हा अंजना कुजबुजली, "माह्यं नाव नका घेऊ. मीच उकळलं म्हना."

आईनं कोरड्या ओठांनी विचारलं, "कोनाचं पानी होय?"

 खांबाआड उभ्या अंजनाकडं तेजरामनं पाहिलं.

"अंजनाचं. माय, मले तिच्यासंगंच लगन कराचं हाय."

चारचौघांत तिचं नाव असं कोणी घेतलं नव्हतं. त्या घडीलाही तिचं मन फुललं... आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. दुर्गाबाईनं ओठ मिटले. तेजरामनं हात जोडले, पाय धरले. ते ओठ काही उघडले नाहीत. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पूर ओसरल्यावर तो तिला टेकाडावरच भेटायला आला.

"भरवेलीच्या खानीत कामाले जाऊन राह्यलो. तुह्याकडं पाहिलं का माय दिसते... खोटं बोललो असतो तं वाचली असती."

"हौ," ती म्हणाली. "आता एक खोटं माह्यासाठी बोला. म्हना, अंजना मले आवडत नाही. मंग मले जगता येईन."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं...

"नाही बोलता येत," तो म्हणाला, आणि उतरणीला लागला.