तीन ठोक्यांना उत्तर

कंदील जरा खाली घे रे, डोळ्यांत येतोय. कॉफी उरली असेल तर इकडे सरकवा, नसेल तरी बसा. कारण आज दुपारी तुम्ही पोरांनी जे केलंत ते मला मुळीच आवडलेलं नाही. जोडीदार अजून खाडीच्या तोंडावर, बाहेरच्या लाटांत, आणि हे राजे आत येऊन मासा भाजत बसलेत! हसतोस काय? नियम पाठ आहे म्हणतोस ना? मग ऐक, तो मोडला की काय होतं.

ही माझी गोष्ट नाही. इलारियोची आहे, आणि शेवटचा थोडा भाग मी या डोळ्यांनी पाहिलाय.

इलारियो मुरिल्यो तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. पांढरी व्हॅन, दारावर देवमासा रंगवलेला. देवमासा कसला, वांगंच दिसतं ते. तिहुआनाहून पाहुणे घ्यायचे, तीन दिवसांत वाळवंटातून खाली आणायचे, इथं देवमासे दाखवायचे, असा त्याचा धंदा. गडी जन्मानं कोळी, पण अकरा वर्षं होडीत पाय ठेवला नव्हता.

गेल्या वर्षी, अठरा फेब्रुवारी, मंगळवार. त्या खेपेला गाडीत ग्वादालाहाराचं एक मास्तर जोडपं होतं. मास्तरीणबाईंना दर निवडुंगापाशी उतरायचं होतं. कातावीन्याच्या धोंड्यांत दीड तास गेला, पुढे विस्काईनोच्या सरळसोट रस्त्यावर मास्तर घोरायला लागले. रात्री आठ वाजता इलारियोनं दोघांना सान इग्नासियोच्या चौकात हॉटेलवर सोडलं. त्यांना खाडीवर आणायला सकाळी दुसरी गाडी येणार होती. तोही तिथंच झोपला असता, पण मागच्या बाकावर एन्सेनादाहून घेतलेलं नवं कोरं नारिंगी तरंगजाकीट होतं आणि ते पहाटेच्या आत मुलीच्या अंगात पडायला हवं होतं.

मुलगी म्हणजे मारिक्रूस, एकोणीस वर्षांची. बुधवारी पहाटे ती पहिल्यांदा स्वतःची होडी घेऊन तोंडापर्यंत जाणार होती. तिच्या जोडीला फेलिसियानोची होडी. चानो म्हणायचो आम्ही त्याला.

आता तुमचा पाठ म्हणून दाखवतो. जो आधी आत येतो तो दिवा लावून आतल्या बाजूला थांबतो. बाहेरचा होडीच्या काठावर तीन ठोके देतो, आतला दोन देतो. धुकं असो, काळोख असो, त्या दोन ठोक्यांवर बाहेरचा दिशा धरतो. जोडीदार येईपर्यंत आतल्यानं हलायचं नाही, आणि जोडीशिवाय कुणी तोंडाबाहेर जायचं नाही. जो जातो आणि बुडतो, त्याला वाळूच्या दांड्यावर आठवणीचा क्रूससुद्धा मिळत नाही.

इलारियोच्या भावाला, नाबोरला, तो मिळाला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी नाबोर रात्री बाहेर गेला आणि त्याची होडी सकाळी उलटी सापडली. तो सापडलाच नाही. जोडीदार चानो रडत रडत म्हणाला, माझं इंजिन बिघडलं होतं, मी पाण्यात उतरलोच नाही, नको म्हणत असताना एकटा गेला. आम्ही विश्वास ठेवला. क्रूस लावायचा नाही असं ठरलं. क्रूस नको म्हणणाऱ्यांत मी होतो. इलारियोही होता, सख्खा भाऊ. त्यानंतर चानोनं वर्षभर इलारियोच्या घरी मासळी पोचवली. मारिक्रूसचा धर्मपिता, पाद्रीनो, झाला. पोरीचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना म्हणतात तसं कोंपाद्रे, कोंपाद्रे करत दोघं एका ताटात जेवायचे.

तर इलारियो निघाला. चंद्र साडेअकराला उगवायचा होता, त्यामुळे दिव्यांपुढे जेवढं दिसेल तेवढंच जग. दहाला दहा कमी असताना तो मिठाच्या सपाटीवर आला. ओळखता ना ती जागा? झाड नाही, दगड नाही. नुसतं पांढरं.

दिव्यात एक माणूस दिसला. हात वर केलेला.

या रस्त्यावर हात दाखवणाऱ्याला कुणी टाकून जात नाही. इलारियो थांबला. मागचं दार उघडलं, लागलं.

"कुठं?"

"खाडीवर."

आवाज बसलेला होता. आरशात काही दिसेना. इलारियोनं गप्पा काढल्या, त्याची सवयच ती. "गाडी बंद पडली का तुमची?"

"इंजिन."

"रेडिएटर असणार. इथं सगळ्यांचा तोच घोळ."

मागचा म्हणाला, "पोरगी उद्या तोंडावर जाणार ना?"

"हो! तुम्हाला कुणी सांगितलं? सगळ्या खाडीभर झालंय वाटतं."

"जोडीला कोण?"

"चानो. तिचा धर्मपिता. काळजीच नाही."

गाडीत खारा वास भरला. कुबट नाही, ताजा. काच खाली केल्यावर येतो तसा... आणि काचा तर बंद होत्या.

"जाड्या," मागून आवाज आला.

इलारियोचे हात चाकावर आवळले. त्याला जाड्या म्हणणारा जगात एकच होता.

"जाड्या, मी वाजवलं होतं."

आणि पत्र्यावर ठोके पडले. एक. दोन. तीन.

इलारियो मला म्हणाला, काका, मला मागं बघायचं नव्हतं. पण हात आपोआप उठला. त्यानं दारावर ठोके दिले. दोन.

मागून श्वास सुटल्यासारखा आवाज झाला. लांब. रात्री खाडीवर देवमासा वर येऊन सोडतो ना, तसा.

"त्यानं नाही दिले... दिवा दिसत होता मला त्याचा. मी परत वाजवलं. परत वाजवलं..."

"नाबोर..."

"त्यानं दिवा विझवला, जाड्या."

गाडी थांबली. इलारियोनं आतला दिवा लावला. मागं वळला.

कुणी नव्हतं.

पावणेअकराला तो इथं पोचला, या जेवणाच्या खोपटात. चानो, मारिक्रूस आणि मी डॉमिनो खेळत होतो. चानो जिंकत होता, त्यामुळे खुशीत.

"या कोंपाद्रे! मास्तरीणबाईंनी सोडलं का एकदाचं? की लग्नच लावून आलात?"

इलारियो चानोच्या समोर येऊन उभा राहिला. मूठ वळली आणि टेबलावर आपटली. एक. दोन. तीन.

सोंगट्या उडाल्या. मला वाटलं, पिऊन आलाय. पण चानोचा चेहरा... मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखत होतो. तो "काय झालं" म्हणाला नाही. "वेडा झालास का" म्हणाला नाही.

तो म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"म्हणजे तू पाण्यात होतास," इलारियो म्हणाला.

"लाटा फार होत्या त्या रात्री..."

"ठोके ऐकलेस?"

"...ऐकले."

"मग?"

"मी दोन दिले असते तर तो आत शिरला असता. उलटला असता तर मला जावं लागलं असतं. माझ्या बायकोला आठवा महिना होता, इलारियो. मी घाबरलो. माणूस घाबरतो."

"घाबरतो. मान्य. दिवा का विझवलास?"

चानोनं मान खाली घातली.

"तो माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं."

इलारियो रडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "माझ्या ताटात जेवलास. माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास. आणि माझ्याच तोंडून वदवून घेतलंस की माझ्या भावाला क्रूस नको. तो मेला त्यापेक्षा हे जास्त लागलं मला, चानो." त्यानंतर कोंपाद्रे हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. मलाही स्वतःची लाज वाटली. त्या नकारात माझाही आवाज होता, आणि तो मोठा होता.

मारिक्रूस उठली. तिनं सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या, झाकण लावलं. मग विचारलं, "पाद्रीनो, उद्या माझ्यासाठी थांबला असतात का?"

साधा प्रश्न. हो म्हणायला किती वेळ लागतो?

चानो टोपी उचलून बाहेर गेला. सव्वाअकराला त्याचा ट्रक सुरू झाल्याचं ऐकलं. बायकोला उठवलं नाही, कपडे घेतले नाहीत. इथून जायला एकच रस्ता आहे.

पहाटे बापलेकींनी एका वल्ह्याचा क्रूस केला आणि वाळूच्या दांड्यावर रोवला. मी धरायला होतो. मग इलारियोनं पोरीला जाकीट घातलं, बंद इतके आवळले की ती म्हणाली, "पप्पा, श्वास तरी घेऊ द्या!" आणि तो चानोच्या होडीत चढला. अकरा वर्षांनी. धुकं दाट होतं. नऊच्या सुमाराला बाहेरून तीन ठोके आले, आतून दोन गेले. परत तीन, परत दोन. पोरगी धुक्यातून सरळ आत आली, हसत.

अकरा वाजता मास्तर जोडपं आलं. बाईंनी वाटेत मिठावर गाडी थांबवली होती, फोटो काढायला. म्हणाल्या, "तिकडे कुणाची तरी पावलं आहेत हो. विचित्रच आहेत."

इलारियो आणि मी गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं.

चानोच्या ट्रकची चाकं तिथं थांबली होती. कुणीतरी हात दाखवला असणार. रस्त्याच्या कडेला अनवाणी पावलं होती. चालकाच्या दारापासून बूट निघाले होते. दोन्ही ठसे शेजारी शेजारी, समुद्राच्या बाजूला. घाईची पावलं नव्हती. दोघं मित्र बोलत निघावेत तशी.

तीनशे पावलांवर बूट थबकले होते.

तिथून ते मागं वळले होते. लांब लांब ढांगा. टाच रुतलेली. एके जागी पडल्याची खूण, हाताचा पंजा. मग पुन्हा पळत, थेट रस्त्यापर्यंत. चाकांनी मीठ उधळलं होतं. ट्रक उत्तरेला गेला होता.

हो, जिवंत आहे तो. मेहिकालीत कुणीतरी पाहिला, जिथं समुद्राचा वाससुद्धा येत नाही.

"परत टाकून गेला," इलारियो म्हणाला. एवढंच.

कारण अनवाणी पावलं पुढे गेली नव्हती. मागंही आली नव्हती. तिथंच होती... जोडीनं. बोटं रस्त्याकडे वळलेली. खोल, खूप वेळ एका जागी उभं राहिल्यासारखी.

बुटांचे ठसे कोरडेठाक होते. हे दोन पाण्यानं भरलेले.

त्या मिठाखाली पाणी नाही. आम्ही शेजारी हातभर खणून पाहिलं. दगडासारखं मीठ.

मी वाकून बोट बुडवलं. गार. आणि ते पाणी... स्थिर नव्हतं. वारा अजिबात नव्हता, तरी वर येत होतं, खाली जात होतं. सावकाश. बाहेरच्या समुद्रात लाट उचलते तसं.