तळ्याकाठच्या गावाला निघताना

जपानमधल्या त्सुकुबा स्टेशनबाहेर बारीक पाऊस लागला होता. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या अश्लेषाच्या सायकलचं हँडल शेजारच्या सायकलमध्ये अडकलं होतं. ओढून ओढून ती वैतागली आणि मराठीतच पुटपुटली, "कुठल्या मूर्खानं लावलीय ही?"

"मीच तो. थांबा... काढतो," मागून आवाज आला.

तो प्रसन्न. पुण्याचा, राहायला टोकियोतल्या ओजिमात. प्रोजेक्टसाठी त्सुकुबाला यायचा. हँडल सुटलं, पण दोघं कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, छताखाली कॉफी घेत उभेच राहिले.

मग ते रोजचंच झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. ती सांगायची ग्वाटेमालातल्या माया आदिवासींच्या एका गावाबद्दल – रस्ता आला, हॉटेलं आली आणि तळ्याचं पाणी हिरवं पडलं. आता तिथल्या बायका एकत्र येऊन तळं जपत होत्या. त्यांच्याकडे वर्षभर राहून तिला संशोधन करायचं होतं.

"पुण्यातही नदी आहे की," तो चिडवायचा.

"येईन ना तिथंही. आधी शिकून तर येऊ दे."

तो तिच्या स्पॅनिशची उजळणी घ्यायचा. उच्चार दोघांचेही चुकायचे. हसता हसता नजर अडकायची... आणि दोघंही पावसाकडे बघायला लागायचे. मार्चमध्ये त्याला पुण्याच्या ऑफिसात परतायचं होतं; घरी स्थळं बघणं चालू होतं. त्याबद्दल कुणीच बोलायचं नाही. त्यानं 'थांब' म्हटलं तर आपण थांबू, याची तिला भीती वाटायची. तो म्हणत नाही, याचं वाईटही वाटायचं.

ती ग्वाटेमालाला निघाली त्या दिवशी विमानतळाच्या बसपाशी तिनं विचारलंच, "जाऊ नको म्हणणार आहेस?"

"नाही," तो म्हणाला. "रोज म्हणावंसं वाटतं... म्हणून तर गप्प असतो."

तिची बॅग बसमध्ये चढवत तोच पुढे म्हणाला, "मी इथलं काम वर्षभर वाढवून घेतलंय. आणि काल घरी सांगितलं, स्थळं बघू नका. आईनं नाव विचारलं."

"मग?"

"तुझं सांगितलं. तुला अजून विचारलं नाहीये, हेही सांगितलं."

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत आले की विचार," ती म्हणाली. "हो म्हणणार आहे मी..."

बस सुटली. ड्रायव्हरनं माइकवरून अदबीनं सांगितलं, कृपया बसून घ्या. तिला जपानी उत्तम येत होतं. तरीही, तो दिसेनासा होईपर्यंत ती मागच्या काचेशी उभीच राहिली.