बत्तीबुरुजाचा उजेड कुठवर?

“गद्दार!”

पडद्यावरचा किल्लेदार एवढ्या जोरात ओरडला, की शाळेच्या हॉलच्या आढ्यावरची कबुतरं फडफडून उडाली. काळाकुट्ट समुद्र. शत्रूची शिडं. बुरुजावर डोळ्यांत काजळ घातलेला एक माणूस पलित्याने दिवा पेटवतो आणि खदाखदा हसतो. त्या उजेडाच्या रोखाने शत्रूचं जहाज थेट किनाऱ्याला लागतं आणि गाव धडाधड पेटतं!

दिवे लागले. मुलांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. इनशा मात्र हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

काशीद ओलांडून मुरुडकडे निघालं की माडांच्या मागे माडशेत नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या शाळेत भक्तीबाई इतिहास शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी चित्रपटांचं शिबिर घेतलं होतं. रोज एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाचा तुकडा बघायचा आणि त्यातलं खरं किती, बनवलेलं किती, ते शोधायचं. मुलं भलतीच तयार झाली होती. तुळशीने तर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराच्या दंडावर लस टोचल्याची खूण पकडली होती!

आजचा चित्रपट मात्र त्यांच्याच गावाचा होता. मुंबईच्या कमलेश सरांनी तो पर्यटन महोत्सवासाठी बनवला होता आणि आज ते स्वतः हॉलमध्ये हजर होते. भाऊबिजेच्या संध्याकाळी किनाऱ्यावर सगळ्या गावासमोर तो दाखवायचा होता आणि त्यानंतर गावाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बत्तीबुरुजावर पाटी लागणार होती. ‘गद्दार बुरूज’!

“ए इनशा,” मागून कुणीतरी हसत म्हणालं, “तुम्हीच ना ते बत्तीवाले?”

इनशाचे कान लाल झाले. तिच्या घराला गावात सगळे बत्तीवाल्यांचं घर म्हणत. तिचे पूर्वज बुरुजावरचा दिवा लावायचे, असं तिचे नाना, हमदुल्ला, अभिमानाने सांगायचे. महोत्सवात नानांना पहिल्या रांगेतली खुर्ची होती. कालपासून त्यांनी शेरवानीला इस्त्री करून ठेवली होती.

इनशाच्या शेजारी बसलेल्या सिद्धेशने बाह्या सरसावल्या. “कोण बोललं रे ते? उभा राहा!”

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “इनशा, तुला काही विचारायचंय का सरांना?”

इनशा उठली. “सर, दिवा लावणारा फितूर होता, हे तुम्हाला कुठे सापडलं?”

“सापडायला कशाला हवं?” कमलेश सर हसले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, फक्त घाईत होते. “बुरूज आहे. त्यावर दिवा होता. गाव एकदा जळलं होतं, असं म्हातारी माणसं सांगतात. दिलं जोडून! गोष्टीला एक गद्दार लागतोच गं. नाहीतर लोक जांभया देतात.”

“पण ती खरी माणसं होती ना?”

“चुकीचं असेल तर दाखवून द्या मला. लगेच बदलतो!” सर घड्याळाकडे बघत म्हणाले आणि चहाला निघून गेले.

“ऐकलंत ना?” बाई म्हणाल्या. “सरांनी शब्द दिलाय. आता रागावून काही होणार नाही. नीट बघा.”

सिद्धेश, इनशा आणि तुळशी पुन्हा पडद्यासमोर बसले. जहाजावरून बुरुजाचा दिवा दिसतो, तो प्रसंग तुळशीने परत परत लावला. सिद्धेशचा जन्मच मच्छीमारांच्या घरातला. तो डोळे बारीक करून लाटांकडे बघत होता.

“थांबव! थांबव!” तो एकदम ओरडला. “हे जहाजावरून दिसतंय ना? मग लाट फेस घेऊन आपल्या अंगावर कशी येतेय?”

“लाटा येणारच की!” तुळशी म्हणाली.

“अगं, समुद्रातून बघितलं तर फुटणाऱ्या लाटेची पाठ दिसते. तोंड नेहमी किनाऱ्याकडे!”

“म्हणजे कॅमेरा जहाजावर नव्हताच,” इनशा सावकाश म्हणाली. “तो वाळूत उभा होता.”

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग समुद्रातून तो दिवा कसा दिसतो, हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी लागल्यावर, बाईंना घेऊन ते बत्तीबुरुजावर चढले. वर सरांच्या माणसांनी दिव्यासाठी लोखंडी स्टँड चक्क सिमेंटने बसवलं होतं. खालच्या भिंतीवर महोत्सवाचा भलामोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. वाऱ्याने तो फुगला आणि मागे काहीतरी काळं दिसलं.

“बाई, इथे भोक आहे!”

फ्लेक्सची दोरी सोडली. आत दगडी कोनाडा होता, लहान मूल बसेल एवढा ऐसपैस. समुद्राच्या बाजूला मात्र तो निमुळता होत होत नुसती उभी फट उरली होती.

“बंदूक रोखायची जंगी असेल,” सिद्धेश म्हणाला.

तुळशी सगळ्यांत लहान. ती सरपटत आत शिरली. “जंगी नाय ही! वर छताला हात लावला की काळा होतोय. बघा!” तिने पंजा बाहेर काढला. बोटांना काजळी लागली होती. “आणि खाली दगडात गोल खळगा आहे. तेलकट, गुळगुळीत.”

त्या खळग्यात किती वर्षं दिवा तेवला असेल, कुणास ठाऊक! इनशाने आत वाकून खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दगड थंड होता.

“खरा दिवा बुरुजाच्या माथ्यावर नव्हताच,” बाई हळूच म्हणाल्या. “इथे होता.”

इनशाला काहीतरी सुचलं. तिने हनुवटी थेट त्या खळग्यावर टेकवली आणि फटीतून बाहेर पाहिलं.

“बाई, उजेड सरळच जातो ना? मग इथून जेवढं दिसतं, तेवढ्याच ठिकाणाहून हा दिवा दिसणार!”

“बरोबर! काय दिसतंय तुला?”

“किनारा दिसत नाही. बंदराची वाट दिसत नाही.” तिने डोळा फटीच्या आणखी जवळ नेला. “नुसता दातखडक दिसतोय!”

माडशेतच्या प्रत्येक मुलाला दातखडक माहीत होता. भरतीला पाण्याखाली गडप होणारा आणि होडीचा तळ फाडणारा खडक! सिद्धेशने आत डोकं घातलं, मग तुळशीने, मग बाईंनी. फटीच्या चौकटीत तो खडक असा नेमका बसला होता, जणू कुणी चित्र टांगून ठेवलंय.

“चला, सरांना सांगू या!” सिद्धेश उड्या मारायला लागला.

“सांगून पटेल त्यांना?” इनशा म्हणाली. “त्यांना शत्रूचा सरदारच बनवू या!”

भाऊबिजेच्या आदल्या संध्याकाळी इनशा सरांकडे गेली. “सर, शत्रूच्या जहाजावरून तुमचा बुरूज कसा दिसतो, ते बघायला येता? भागोजीकाका होडी काढतायत.”

“वा! झकास कल्पना!” सरांनी लगेच कॅमेरा गळ्यात अडकवला.

भागोजीकाका म्हणजे सिद्धेशचे चुलते. सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवून त्यांनी होडी खोल पाण्यात नेली. बाई आणि तुळशी घरची मोठी समई घेऊन बुरुजाच्या कोनाड्यापाशी थांबल्या होत्या. बॅटरीचा दिवा बाईंनी साफ नाकारला होता. “तेव्हा तेल होतं, तर आपणही तेलच जाळायचं. नाहीतर आपलंही चुकेल!”

सूर्य बुडाला. आकाशातली लाली विझली. पाणी शाईसारखं झालं. बुरूज म्हणजे नुसता एक काळा ठिपका उरला.

“अजून दिवा लावला नाही का?” सर वैतागले.

सिद्धेशने फोन लावला. पलीकडून तुळशी किंचाळली, “केव्हाच लावलाय! सगळ्या वाती पेटल्यात!”

“मग दिसत का नाही?”

होडी किनाऱ्याला समांतर पुढे सरकत होती. अंधार, अंधार, नुसता अंधार. आणि एकदम त्या काळोखात एक डोळा उघडला!

पिवळा, बारीक, थरथरणारा डोळा. क्षणापूर्वी तिथे काहीही नव्हतं. इनशाने छातीवर हात ठेवला. सिद्धेशची बडबड जागच्या जागी थांबली. भागोजीकाकांचं सगळं आयुष्य या पाण्यात गेलं होतं, पण त्यांनीही डोक्यावरची टोपी काढली. “आय शप्पत,” ते पुटपुटले. “बुरुजावर उजेड! माज्या आज्यानंबी बगितला नसंल.”

“सर,” इनशा कुजबुजली, “तुम्ही शत्रूचे सरदार. द्या हुकूम!”

सरांना गंमत वाटली. त्यांनी हात उंचावला. “दिव्याच्या रोखाने, सरळ!”

काकांनी इंजिन अगदी मंद केलं. होडी उजेडाकडे निघाली. थोडं पुढे गेल्यावर एक आवाज यायला लागला. कुणीतरी दातओठ खात श्वास घ्यावा, तसा. खळ्ळ… सूंऽऽ… खळ्ळ…

“काय आहे ते?” सरांचा आवाज बदलला.

“हुकूम काय, सरदार?” सिद्धेशने विचारलं. “सरळच ना?”

“थांबा! थांबवा होडी!”

“पुढं जायाचंच न्हाय आता!” काकांनी इंजिन बंद करून वल्हं रोवलं आणि बॅटरी मारली. समोर, थोड्याच अंतरावर, दातखडक पाण्यातून वर आला होता. काळे, ओले, टोकदार सुळके. त्यांच्यातून पाणी फेसाळत खाली ओघळत होतं. आणि त्यांच्या बरोब्बर वर तो दिवा शांतपणे तेवत होता.

काकांनी होडी मागे घेतली आणि बाजूला काढली. दिवा मिटला. पुन्हा अंधार.

“इथे पाणी खोल आहे,” सिद्धेश म्हणाला. आज पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलत होता. “उजेड दिसला की वळायचं. दिसेनासा झाला की आपण वाचलो!”

“म्हणजे हा दिवा… बोलावत नव्हता,” कमलेश सर म्हणाले.

“नाही सर,” इनशा म्हणाली. “तो ‘इकडे येऊ नका’ म्हणत होता.”

गळ्यातला कॅमेरा सर साफ विसरले होते. नुसत्या दगडाला फट पाडून कुणीतरी एवढ्या मोठ्या समुद्रावर उजेडाची रेघ आखली होती, हवी तिथे, तेवढीच! मग ते म्हणाले, “भागोजी, पुन्हा एकदा जाऊ. या वेळी मला हे टिपू दे. जहाजावरून. खरोखरीचं.”

भाऊबिजेच्या संध्याकाळी किनारा माणसांनी फुलला होता. पहिल्या रांगेत शेरवानी घातलेले हमदुल्ला नाना ताठ बसले होते. चित्रपट सुरू झाला. किल्लेदाराची आरोळी नव्हती, हसणारा फितूर नव्हता. काळं पाणी होतं, इंजिनाची मंद धडधड होती, आणि मग तो डोळा उघडला. सगळा किनारा एका श्वासात “अहाहा!” म्हणाला. रडणारं एक तान्हं बाळसुद्धा गप्प झालं.

शेवटी कमलेश सर माइकसमोर आले. “मी एक खोटी गोष्ट दाखवणार होतो. या तिघांनी मला खडकावर नेऊन शहाणं केलं. बुरुजावरचं सिमेंट उद्या मी स्वतः काढून घेईन.” सरपंचबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की ती पाटी लागणार नाही आणि कोनाडा आता कधी झाकला जाणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळशी लाजून बाईंच्या मागे लपली, तर सिद्धेश दोन्ही हात वर करून सगळ्यांना नमस्कार करत सुटला.

नानांनी इनशाला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “बेटा, म्हणजे आपल्याच बुजुर्गांनी वाचवल्या ना एवढ्या होड्या?”

इनशाला ‘हो’ म्हणावंसं फार वाटलं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने बाईंकडे पाहिलं, मग नानांकडे.

“नाना, हा दिवा होड्या वाचवायचा, हे कळलंय. पण तो लावणारा कोण होता, त्याचं नाव काय, हे नाही कळलं अजून. कदाचित आपले असतील. शोधायला लागेल.”

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माशाल्ला! भक्तीबाई, माझ्या नातीला तुम्ही काय शिकवलंत, ते आज समजलं मला!”