तंबूंना कूलर कशाला?

"थर्मासात तर्रीचा रस्सा? अबे, गाडी इटारसीला पोचायच्या आत अख्ख्या डब्यात वास सुटंल!" वेदिका म्हणाली.

"मग तिकडं पोहे काय कोरडे खायचे?" अंकुशने विचारलं आणि हॉलभर हशा पिकला.

रामदासपेठेत मनोहररावांच्या घरी सहलीची आखणी चालली होती. पक्षी पाहायला थेट हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँच्या साल वृक्षांच्या जंगलात! मनोहरराव पक्ष्यांचे मोठे शौकीन, दर मे महिन्यात मुलांना घेऊन जायचे. मोनालीची आई, कुसुमताई, धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. दरवेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारी आई यंदा चक्क हो म्हणाली होती! तेव्हापासून जेवताना, केस विंचरताना मोनालीच्या कानाला फोन, आणि फोनमध्ये तिकडच्या पक्ष्यांचे आवाज. आतेभाऊ अंकुश आणि मैत्रीण वेदिका तिला 'चिवचिव मॅडम' म्हणून चिडवायचे.

"पांघरूण घ्या बरं का! तिकडे पहाटे..." मनोहरराव सांगत होते, तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला. सगळ्यांनी एकदम "हाऽऽय" केलं आणि मग सगळं चिडीचूप झालं.

त्या शांततेत वरच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. खो खो, खो खो! एकटंच!

"काकाजी, वर कोण हसून राहिलं?" अंकुशने विचारलं.

"कुठे कोण? शेजारचा टीव्ही असेल!" मनोहरराव लगबगीने उठले.

"लाइट गेल्यावर टीव्ही?" वेदिका पुटपुटली.

"वर फक्त तंबू ठेवलेत. धूळ आहे, कुणी जायचं नाही हं!" आणि वीज येईपर्यंत ते जिन्यापाशीच उभे राहिले. आता तंबू काय पळून जाणार होते?

बाहेर पडल्यावर मोनालीने मान वर करून पाहिलं. वरच्या खोलीच्या खिडकीला कूलर होता, आणि तो जोरात चालू होता.

"तंबूंना कूलर कशाला वं?" वेदिका म्हणाली.

"तंबूले गरमी होत असन!" अंकुश खिदळला.

मोनालीला हसू आलं नाही. तिने फोन काढला आणि एक आवाज लावला. खो खो, खो खो!

"हाच तो! पांढऱ्या तुऱ्याचा हसरा कस्तूर. डोंगराखालच्या जंगलात थव्याने राहतो. एक हसला की सगळे हसतात. आपल्याकडे हा पक्षी नसतोच!"

"काकाजींनी मोबाईलवर लावला असंल," वेदिका म्हणाली. "तेच तर सांगतात ना, घरट्याजवळ जाऊ नका, पिल्लांना हात लावू नका..."

"असेल. पण मोबाईल उलट उत्तर देत नाही. उद्या पालकांची बैठक आहे, तेव्हा पाहू."

"आणि खरा निघाला तर?" अंकुशचा चेहरा पडला. "ट्रिप गेली ना! त्यांच्याशिवाय आपल्याला कोण नेऊन राहिलं?"

घरी भरून ठेवलेली सॅक पाहून मोनालीला रडू कोसळलं. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? काही नाही! पण ते हसणं कानातून जाईना. थव्यात हसणारा पक्षी, आणि तो तिथे एकटाच हसत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल आईबाबांनी भरला. मोनाली उभी राहिली.

"आम्ही आवाज ओळखायचा सराव केलाय. ऐकवू? फक्त कूलर बंद करावा लागेल."

"नको नको!" मनोहरराव ओरडलेच. "लोक उकडून निघतील!"

"होऊ द्या जी, पोरं एवढी मेहनत करून राहिली," कुसुमताई म्हणाल्या. वेदिकाने तोवर बटण दाबलंसुद्धा. अंकुश आधीच बाहेर सटकला होता. वरच्या कूलरचं बटण जिन्यातच होतं, ते त्याने बंद केलं.

मोनालीने फोनवर आवाज लावला. खो खो, खो खो! मग तिने फोन बंद केला.

तिने छताकडे पाहिलं. मग वरून उत्तर आलं. खो खो, खो खो, खो खो!

"वा! काय साफ आवाज आहे!" एका बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, माझा फोन बंद आहे." मोनालीने फोनची काळी स्क्रीन सगळ्यांना दाखवली. "हा वर हसतोय."

टाळ्या थांबल्या. कुसुमताई उठल्या. "भाऊ, वरच्या खोलीची किल्ली द्या."

"अहो ताई, तंबू..."

"किल्ली द्या."

खोलीत तंबू नव्हतेच. पिंजरा होता. आत पांढऱ्या तुऱ्याचा, झडलेल्या शेपटीचा पक्षी दाराकडे टक लावून बघत होता.

"हौस हो, दुसरं काय!" मनोहररावांचा आवाज बसला. "तिकडच्या एका माणसाकडून घेतले. रोज पपई घालतो, कूलर लावतो..."

"घेतले? म्हणजे किती?" मोनालीने विचारलं.

"तीन."

"मग बाकीचे दोन कुठे आहेत?"

मान खाली घालून मनोहरराव जिन्याच्या पायरीवर बसले. मोनालीला त्यांचा असा राग आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कुसुमताईंनी फोन केला आणि वन विभागाचे लोक आले. त्यांच्या साहेबांनी मुलांची पाठ थोपटली. "एवढी जाणती माणसं या हॉलमध्ये बसून गेली, पण ओळखलं या पोरांनी! शाब्बास!" कुसुमताईंनी तर मोनालीला सगळ्यांसमोर कुशीतच घेतलं.

सहल अर्थातच रद्द झाली. मोनालीने सॅक रिकामी केली, दुर्बीण कपाटात ठेवली. अंकुशने तिची समजूत काढायला तर्री-पोहे आणले. ते तिने रडत रडत संपवले.

पावसाळा सरता सरता साहेबांचा निरोप आला. पक्ष्याची शेपटी भरली होती, आणि त्याला कुमाऊँच्या जंगलात नेऊन सोडलं होतं. सोबत त्यांनी तिथला आवाज पाठवला होता. तिघं फोनवर वाकले.

पानांची सळसळ आली. मग खो खो, खो खो! तोच! एकटाच!

"अजूनही एकटाच," वेदिका हळूच म्हणाली.

"थांब ना वं!" मोनाली म्हणाली.

आणि लांबून दुसरा हसला. मग तिसरा. मग झाडाझाडातून असं काही हसणं उसळलं की आपला हा कोणता, ते ओळखूच येईना. चिवचिव मॅडमलासुद्धा!