तीस सेकंदांची नोंद

"लाईन बंद हाय म्हणून आलो," असं म्हणत तो दारात उभा राहिला, तेव्हा दीपमालाची इंटरनेटची लाईन अगदी छान चालू होती.

नेरच्या कापूस खरेदी केंद्रात ती कॉम्प्युटर चालवायची. भाव असा पडला होता की अंगणात जेमतेम चार गाड्या उभ्या असायच्या. कामापेक्षा वाट पाहणंच जास्त! आणि आज वाट पाहिली नसताना हा आला… अश्वजित, यवतमाळच्या मुख्य ऑफिसातला नेटवर्कवाला. शर्टाची बाही दुमडलेली, केसांत एसटीची धूळ.

"सकाळपासून पिंग करून राह्यलो. इकडून जवाबच नाई."

"मंग माह्या पिंगले तुमच्याकडून जवाब कसा येते?" तिनं टाईप करून यवतमाळच्या मशीनला हाक मारून दाखवली. चार हाका, चार जवाब.

तो गोंधळला. टेबलाखालच्या, लाईन जोडलेल्या डब्याशी उकिडवा बसला आणि एकदम हसायला लागला.

"ह्याच्यात फायरवॉल हाय. आतून कोणी हाक मारली, का हा नंबरासकट लिहून ठेवते. त्याच नंबराचा जवाब आला तं आत घेते. बाहेरच्यानं आपल्या मनानं हाक मारली, तं दारातूनच वापस."

"असा नियम लावला तरी कोणं?"

"…मीच. मागच्या महिन्यात."

ती इतकी खळखळून हसली की केंद्रप्रमुख भगवानरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा हजर. लाईन बंद! त्याच्या पुढच्या मंगळवारीही.

"आता तं तुमाले मालूम हाय ना, का बाहेरच्या हाकेले जवाब येत नाई?"

"मालूम हाय," चहाच्या कपात पाहत तो म्हणाला. "पण खात्री केलेली बरी…"

मग तिला खोडच लागली. रोज दहाच्या ठोक्याला ती यवतमाळला पिंग करायची. जवाब द्यायचं तिथलं मशीन, हे तिला कळत होतं. तरी पडद्यावर चार ओळी उमटल्या की जीव भांड्यात पडायचा.

"जवाब उशिरा आला तं?" एकदा तिनं विचारलं.

"तीस सेकंद नोंद राह्यते. मंग पुसल्या जाते. मंग जवाब कितीबी खरा असो, आत घेत नाई."

त्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागलं नाही.

फेब्रुवारीत केंद्र बंद करायचा हुकूम आला. शुक्रवारी लाईन तोडायची. आणि रविवारी तिला पाहायला उमरखेडचे पाहुणे येणार होते. शुक्रवारी हा न बोलता गेला, तर नेरला यायचं त्याला कारणच उरणार नव्हतं.

शुक्रवारी तो आला. वायरी गुंडाळल्या, डबा काढला, स्क्रू मोजून खिशात टाकले. दीपमाला नुसती आत-बाहेर करत होती. असा राग आला होता तिला, असा राग! "येतो मी," एवढंच म्हणाला आणि डबा काखेत मारून स्टँडकडे चालू लागला.

रिकाम्या टेबलाकडे पाहताना तिच्या ध्यानात आलं. हा बाहेरून हाक मारणारच नाही. नियम त्यानंच लावला होता ना! पहिली हाक आतूनच जायला हवी.

ती पळत सुटली. यवतमाळची गाडी लागली होती, तो खिडकीत बसला होता.

"अश्वजित!" पहिल्यांदाच नुसतं नाव. "रविवारी उमरखेडचे पाहुणे येऊन राह्यले मले पाह्याले. येऊ देऊ का?"

तो पाहतच राहिला. आसपासची मंडळीही पाहू लागली. कंडक्टरनं घंटी मारली. दीपमाला मनात मोजत होती… बारा… तेरा… गाडी हलली. तिचे डोळे भरून आले. सतरा… अठरा…

"थांबवा! थांबवा ना बाप्पा!"

डबा छातीशी धरून तो उतरला. कंडक्टर करवादला आणि गाडी निघून गेली.

"नोको येऊ देऊ त्यायले," तो धापा टाकत म्हणाला. "रविवारी मी येतो. आईले घेऊन."

"चोवीस सेकंद झाले," ती रडता रडता हसली. "इतका वेळ काहून लागला तुले?"

"जवाब तं पह्यल्या दिवसापासूनच तयार होता, दीपमाला," तो हळूच म्हणाला. "तू इचारलंच आज."