उकळलेलं पाणी

"कोणी मारली ही फुली?"

प्राजक्ता कळशी घेऊन विहिरीवर आली, तर कठड्यावर लाल रंगाची ओली फुली, आणि शेजारी ब्रश घेऊन उभा एक अनोळखी, देखणा मुलगा. देखणा होता म्हणून तर तिला जास्तच राग आला. दर वैशाखात ती बाबांसोबत स्वतः या विहिरीतला गाळ उपसायची. अख्ख्या वाडीची पेज याच पाण्यावर शिजायची.

"मी दीपेश, पाणी तपासणीच्या लॅबमधून आलोय," तो म्हणाला. "या पाण्यात मँगनीज फार आहे. पिऊ नका."

"तुमी आमची बाव घाण म्हणतास?"

"घाण नाही हो... ते खडकातूनच पाण्यात उतरतं. लहान बाळांना तर मुळीच देऊ नका."

तिच्या हातातली कळशी सुटली. वहिनीचं बाळ वरच्या दुधावर होतं, आणि त्या दुधात घालायचं पाणी बाळाची आत्या म्हणून तीच रोज चुलीवर उकळत होती. "पण मी अर्धा आटासर उकळतंय!" ती ओरडली.

तो हळूच म्हणाला, "पाणी आटतं... मँगनीज नाही आटत. उलट वाढतं."

म्हणजे तिनंच, स्वतःच्या हातानं! संतापानं तिला रडू कोसळलं. "आता कोणाशी भांडू मी? खडकाशी?"

लॅबची शुद्ध भाषा त्यानं तिथंच सोडली. "माझ्याशी भांड गो. मी खंय पळतंय?"

ती भांडली. डॉक्टरांनी बाळ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तरीही भांडली. रोज संध्याकाळी तो कुडाळहून पाण्याचे कॅन घेऊन यायचा आणि ही पडवीत कमरेवर हात ठेवून उभी.

"उशीर कित्याक?"

"तू चिडल्यावर बरी दिसतंस म्हणून."

"थोबाड बंद कर!"

पण कॅन घेताना बोटाला बोट लागलं, की तिचे शब्द अडायचे... आणि त्याचाही तिला राग यायचा.

अखेर विहिरीवर फिल्टर बसला. तपासणीत पाणी चांगलं आल्याचं सांगून दीपेश बाईकवर बसला. "आता माझी गरज नाय."

"नाय?" प्राजक्तानं बाईकची चावीच काढून घेतली. "बाळाक पाणी मिळाला म्हणून तू सुटलंस? माका जीव लावलंस, तेचा काय? परत इलंस नाय, तर ह्यो फिल्टर फोडून टाकतलंय!"

तो बघतच राहिला. मग कान लाल होईपर्यंत हसला. "रविवारी आयेक घेऊन येतंय... मागणी घालूक."

"रविवारी?" ती कडाडली. "आज बुधवार आसा, मेल्या!"