पान तीनशे अठरा

नंदा खरातने पुस्तकं परत दिली आणि राजीनाम्याचं पाकीट हळूच पर्समध्ये सरकवलं. पण ग्रंथपाल विद्याधर परबांच्या नजरेतून सुटेल तर ते परब कसले!

"हे काय गं?"

"उद्याच्या मुलाखतीला जात नाही, परबकाका. दहिसरच्या शाळेत नोकरी मिळतेय."

साल १९८६. अंधेरीच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राची एकच कायम जागा निघाली होती, आणि तुमच्या लेखाची जगात कुणी दखल घेतली का, हेच तिथे विचारणार होते. लेख आवडला की परदेशातले शास्त्रज्ञ प्रत मागायला पोस्टकार्ड टाकत. नंदाचा जिवाणूंवरचा लेख छापून दोन वर्षं झाली होती.

"एक कार्ड नाही आलं, काका. एक!"

"सायटेशन इंडेक्स बघितलास?"

"शून्य बघायला कशाला जाऊ?"

परब उठले. कुणाच्या लेखाचा हवाला कुणी दिला, हे सांगणारा तो जाडजूड ग्रंथ त्यांनी उघडला आणि बोट फिरवत 'खरात'वर आणलं. खाली छत्तीस ओळी होत्या.

नंदाने त्या पुन्हा एकदा मोजल्या.

"छत्तीस ठिकाणी हवाला, आणि प्रत कुणीच मागितली नाही?" परब म्हणाले. "कार्डं आली असणार. मग गेली कुठं?"

त्यांनी टपाल वाटणाऱ्या खंडूला गाठलं.

"नंदाचं टपाल कुणाला देतोस?"

"कुनाला म्हंजे? खनात टाकतो. तितनं कोनपन उचलतंय. चंद्रप्रकाश सायब, प्रेमाताई..."

"कार्डं यायची?"

"लई यायची की! तुमाला काय वाटलं, मी खाल्ली?"

चंद्रप्रकाशही त्याच जागेचा उमेदवार होता. प्रश्न ऐकताच तो उसळला. "माझ्यावर संशय? मी फक्त माझं टपाल उचलतो. तिकिटंसुद्धा तुम्हाला पाकिटासकट देतो ना!"

हे खरं होतं. परबांच्या नातीला तिकिटांचा नाद, म्हणून अख्खी संस्था त्यांना तिकिटं द्यायची. हाडाचे ग्रंथपाल! कुणी काय दिलं ते पुडीवर लिहून ठेवायचे.

इतक्यात प्रेमा डबा घेऊन आली. नंदाची जिवलग मैत्रीण, लेखाची सहलेखिकाही.

"चल गं, जेवून घे. मनाला लावून घेऊ नकोस. आणि काका, ही तुमच्या नातीला."

तिने नेहमीसारखी पुडी दिली. दोघी गेल्यावर परबांनी वाटीत पाणी घेतलं. पाण्यात भिजलं की तिकीट कागदापासून सुटतं. पहिलं तिकीट सोडणार, तोच त्यांचा हात थांबला. कागद जाड लागत होता. त्यांनी ते उलटून पाहिलं. मग खणातल्या, अजून न भिजवलेल्या जुन्या पुड्या काढल्या आणि एकेक तिकीट उलटत गेले.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"खंडूची तिकिटं फाडलेली, चंद्रप्रकाशची पाकिटासकट. पातळ कागद. ही मात्र कात्रीने कापलेली, कार्डाच्या जाड कागदावरची. कार्ड कापलं की मागचा मजकूरही त्याबरोबर येतो. सात तिकिटांच्या पाठीवर टाइप केलंय, 'पान ३१८'. नंदाचा लेख कुठल्या पानावर सुरू होतो?"

"तीनशे अठरा," नंदा पुटपुटली.

"पुडीवर नाव प्रेमाचं आहे."

प्रेमाचा चेहरा पांढरा पडला. "मीही लेखिका होते ना! नाव मात्र सगळीकडे हिचंच पहिलं. कार्ड टाकणाऱ्यांना मी कळवलं, नंदाने संशोधन सोडलंय, पत्रव्यवहार माझ्याशी करा. त्या जागेसाठी मीही अर्ज केलाय, उद्या मुलाखतीत त्यांची तीच पत्रं दाखवणार होते."

"आणि तिकिटं का दिलीस?" परबांनी विचारलं. दोन वर्षं ते अशाच पुड्यांतली तिकिटं सोडवून नातीला कौतुकाने देत आले होते.

"फेकवली नाहीत, काका."

"किती होती?" नंदाने विचारलं.

"एकशे चार."

"एकशे चार जणांनी मला लिहिलं होतं," नंदा म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. "आणि दुपारी मी तुझ्या खांद्यावर रडायचे गं!"

प्रेमा डबा तिथेच टाकून निघून गेली.

नंदाने पर्समधलं पाकीट काढून फाडलं. परबांनी इंडेक्सचा तो ग्रंथ तिच्यापुढे ठेवला. आजवर एकदाही त्यांनी तो ग्रंथालयाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"उद्या मुलाखतीला घेऊन जा. आणि सकाळी नातीच्या वहीतली तिकिटंही आणतो. तुझी आहेत ती."